नसलेल्या ड्राइव्हची हजेरी

“चालतंय ना? मग त्याला हात लावू नकोस,” असं दादाने बहिणीला बजावलं होतं. पण पाळण्यावरच्या कॅमेऱ्यात बाहेरचं कुणी डोकावेल, या धास्तीने तिने, म्हणजे बाळाच्या आईने, ते कानाआड केलं आणि माझी ऑपरेटिंग सिस्टीम नवी करून टाकली. मित्रांनो, तो जुना संगणक मीच.

माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथे ढिगाने पत्रं टाइप झाली, ‘गुणी मशीन’ अशी शाबासकीही मिळाली. मग सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून दादाने मला या घरी आणलं. बाळाला एकदा झोपेत ठसका लागला होता. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत काम करतानाही आईला ते डोळ्यांसमोर हवं असे. पाळण्यावरचा कॅमेरा मला जोडला आणि आतल्या खोलीतून मी बाळ तिच्या लॅपटॉपवर दाखवू लागलो. इतकी मानाची नोकरी मला कचेरीतही मिळाली नव्हती.

आणि आता मी सुरूच होईना. बटण दाबलं की पडद्यावर ओळींचा पूर यायचा आणि कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मध्येच कोसळायचा. पुन्हा बटण, पुन्हा तेच. आई चार ओळी टाइप करायची की पाळण्याकडे धाव.

दादाने आल्या आल्या माझं पोट उघडलं आणि मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या.

“उजळतील खऱ्या, पण चालतील का?” बहिणीच्या सासूबाईंनी विचारलं.

“मावशी, जरा धीर धरा.”

नाही चाललो. मग त्याने डिस्क बदलली, वायरी बदलल्या. मी अगदी मेटाकुटीला आलो. दुखणं मी पडद्यावर लिहून देत होतो आणि हा माझी आतडी चाचपत होता. शेवटी त्याने पेन ड्राइव्हवरून जुना कर्नेल चढवला, तर मी मुकाट सुरू झालो.

“बघ, मशीन ठणठणीत आहे. राहू दे हाच.”

“बाहेरच्यांना शिरायची भोकं बुजवायलाच तर नवा घातला ना, दादा?”

“अगं, तुझ्या पोराचं घोरणं चोरायला कोण येणारे?”

“नवाच चालव.” तिचा आवाज इतका कोरडा होता, की त्याने पुढची थट्टा गिळली.

मग त्याने फोनवर माझ्या पडद्याचं चित्रण केलं आणि ते हळूहळू पाहिलं. शेवटची ओळ फ्लॉपी ड्राइव्हची होती. तो ड्राइव्ह कचेरीतच काढून टाकलेला, पण माझ्या सेटिंगमध्ये त्याचं नाव तसंच राहिलेलं. जुना कर्नेल त्याला हाक मारायचा, ओ आली नाही की पुढे जायचा. नवा तिथेच आडवा व्हायचा. दादाने ते नाव पुसलं आणि मी एका दमात उठलो.

“ये गं, दिसतंय बाळ,” इतका वेळ माझ्यातच डोकं घालून बसलेल्या दादाने बाहेरच्या खोलीत जाऊन लॅपटॉप बघत हाक मारली. मी दाखवत होतो त्या चित्रात बाळ पाय उडवत होतं आणि शेजारी, नुसत्या फरशीवर, पाळण्याला डोकं टेकून त्याची आई गाढ झोपली होती.

दादा आणि सासूबाई दाराशी आले.

“सकाळपासून काही खाल्लंय का हिने?” दादा हळूच म्हणाला.

“मला वाटलं, तू आलास तेव्हा तुझ्याबरोबर खाल्लं असेल...” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला अलगद उचलून घेतलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची धूळ झटका, पण ते सावकाश. तुमच्या ओळखीत कुठे तान्हं बाळ असेल, तर आज त्याच्या आईकडे जाऊन या. जेवलीस का, झोपलीस का, ते विचारा. ती ‘हो’ म्हणेल. तरीही बाळ थोडा वेळ तुमच्या मांडीवर घ्या.