प्रेआंच्या बेटावर

लाट खाली बसली तशी डोरवालिनानं होडीतून खडकावर उडी मारली, गुडघा खरचटून घेतला आणि वळून नवऱ्यावर ओरडली, "दे ते ताट इकडे! आणि तूही ये. का होडीतच बसून राहणार?"

"नांगर तर टाकू दे, बाई," आदेमार म्हणाला.

तळलेल्या माशांचं पत्र्याचं ताट फडक्यात घट्ट बांधलेलं होतं. त्यानं ते वर दिलं. या बेटावर पाय ठेवायला बंदी आहे, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण परवा दक्षिणेचा वारा अचानक सुटला, तेव्हा आदेमारनं होडी याच आडोशाला आणली, खडकाला बांधली आणि वारा पडेपर्यंत चक्क झोप काढली. तेव्हापासून कानेला गायब होती. रोज होडीच्या पुढच्या टोकाला, दोरांच्या वेटोळ्यात झोपणारी त्यांची पोटुशी मांजर. ती इथं उतरली हे त्यानं पाहिलं नव्हतं, आणि उतरली नाही हेही पाहिलं नव्हतं.

दोघं गवताच्या कडेला बसली. थोड्या वेळानं गवत हललं आणि प्रेआ बाहेर आले. तपकिरी, बिनशेपटीचे, उंदराहून मोठे नि सशाहून लहान. शहरात दुकानातून पिंजऱ्यात घालून विकतात त्या गिनीपिगचे हे रानटी चुलते. एका मादीच्या मागे तिचं पिल्लू होतं. यांची पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडून, अंगभर केस घेऊन, आणि लगेच गवताला तोंड लावतात. पण एका वेळी एक, फार तर दोन.

"बघ, कसे निवांत चरतायत," आदेमार म्हणाला. "मांजर असती तर एक तरी बाहेर आला असता का?"

"डोकं चालव जरा. यांच्या शंभर पिढ्यांनी मांजर पाहिलेली नाही. वरून घार आली तर पळतील. खालून कानेला आली तर तिच्या तोंडाकडे बघत बसतील, बावळटासारखे."

ती बोलली ते खरंच होतं. कधीकाळी समुद्र चढला, ही टेकडी किनाऱ्यापासून तुटली आणि तिच्यावर अडकलेले प्रेआ इथलेच होऊन गेले. आता सगळे मिळून पन्नासेक असतील नसतील. दुसरे कुठेच नाहीत, अख्ख्या जगात नाहीत. विद्यापीठाची माणसं येऊन हे सांगून गेली, तेव्हा आदेमारच दुकानात छाती फुगवून म्हणाला होता, "आमच्या समोरच्या बेटावरचे आहेत म्हटलं!"

त्याला भूक लागली होती. फडकं सोडलेलं पाहून त्यानं ताटाकडे हात नेला. डोरवालिनानं फाडकन त्या हातावर चापट मारली.

"अगं, एवढ्या माशांचं ती एकटी काय करणार?"

"हात लावू नकोस. माशांना उंदराचं औषध चोळलंय मी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. डोळेही न उघडलेलं ते मांजरीचं पिल्लू तिनंच गटारातून उचलून आणलं होतं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. चुलीपाशी नवऱ्याला जागा नसली तरी कानेलाला असायची.

"धरून आणू म्हणाली होतीस ना?"

"सापडली तर धरूच. पण व्यायला झालेली मांजर कुणाच्या हाती लागते रे? गेल्या खेपेला आपल्याच घरात सापडली नव्हती. इथं झुडपात व्याली की झालं. आज एक आहे, उद्या पाच होतील. मग यांतलं पिल्लूसुद्धा शिल्लक राहायचं नाही." तिनं नाक पुसलं. "मला काय हौस आहे?"

मग ती घरी वाजवायची तसा चमचा ताटाच्या कडेवर वाजवायला लागली. "काने... ला! ये गं, ये माझी बाय!" प्रेआ दचकून गवतात घुसले, पुन्हा बाहेर आले. समुद्रावरचे कुरव पक्षी ताटावर झेपावले, त्यांना तिनं खडे मारून हाकललं. हाका मारून मारून तिचा घसा बसला. मांजर आली नाही.

"समुद्र फुगतोय," आदेमार म्हणाला. "ताट ठेवून जायचं का?"

"आणि पाखरं मेली म्हणजे? आण ते इकडे. घरी नेऊन खोल पुरायचं. उद्या परत येऊ."

परतीच्या वाटेवर तिनं ताट फडक्यात बांधून होडीच्या तळाशी, दोन्ही पायांत धरून ठेवलं.

किनाऱ्यावर अख्खं गाव जमलं होतं. डोंगरावरचा टेहळ्या सदरा हलवून बोंबलत होता. बोय मासळीची झुंड आली होती, वर्षभर जिची वाट बघतात ती. आणि तरी सगळे बापये जाळ्यांच्या खोपीच्या दारात नुसते भांडत उभे होते. डोरवालिनाची जाऊ निल्सेया गुडघाभर पाण्यात धावत आली.

"अगं, तुझी ती महामाया रापणीत व्याली! जाळ्याच्या ऐन मधोमध! हात लावला की फिस्कारते. बोय चालली निघून!"

डोरवालिना होडीतून उतरली ती पाण्यातच मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "देवा रे, देवा माझ्या," एवढंच म्हणत राहिली. आदेमारनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"हसतेस काय मेले? उचल तिला आधी!" निल्सेयानं दटावलं.

खोपीत जाळ्याच्या घडीत कानेला पसरली होती, पोटाशी ओलसर पिल्लं. डोरवालिनाला बघून तिनं फिस्कारणं थांबवलं आणि खाजवून घ्यायला मान पुढे केली. डोरवालिनानं हात पुढे केला. अर्ध्यावरच तो मागे घेऊन छातीशी धरला.

"तू उचल," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? ओरबाडेल मला."

"ओरबाडू दे."

आदेमारनं टोपी काढली आणि एकेक पिल्लू तिच्यात ठेवलं. कानेला ओरडत टोपीच्या मागे गेली. बापयांनी आरोळी ठोकून रापण उचलली आणि पाण्याकडे धाव घेतली.

डोरवालिना सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या कडेला उकिडवी बसली. ओल्या वाळूची मूठ घेऊन तिनं तळवे घासले, बोटांच्या बेचक्या घासल्या, नखं घासली. धुतले, नाकाशी नेऊन हुंगले, पुन्हा वाळू घेतली.

"ये की गं!" दोर धरून निल्सेया ओरडली. "ओढायला माणसं कमी पडतायत!"

"आले," डोरवालिना म्हणाली, आणि तिनं वाळूची आणखी एक मूठ घेतली.