लालासाहेबाचं चौदावं उत्तर

अनसूयाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत जरा पसरून बसल्या आणि संयोगिताला म्हणाल्या, "हं, कर सुरू. मी आता लालासाहेब."

लालासाहेब म्हणजे कराडचा ट्रक ड्रायव्हर, वय अठ्ठावीस, वेदना थांबवणाऱ्या इंजेक्शनांच्या आहारी गेलेला. माणूस नुसता कागदावरचा. व्यसनांवर संशोधन करू पाहणाऱ्या पोरांना गावोगाव पाठवण्याआधी डॉक्टर अनसूयाबाई त्यांची परीक्षा अशीच घ्यायच्या. आपण रुग्ण व्हायचं आणि समोरच्यानं छापील फॉर्मवरचे चाळीस प्रश्न विचारायचे. सांगलीतल्या या दोन खोल्यांत त्या सहा वर्षं लालासाहेब होत आल्या होत्या. शिकून तयार झालेली पोरं औषधकंपन्यांत जायची, नाहीतर परदेशी. बाईंना त्याचंही आता काही वाटेनासं झालं होतं. सत्त्याण्णव साल निम्मं सरलं होतं, पाठ दुखत होती, आणि यंदा जागा एकच मंजूर झाली होती.

उमेदवार दोन. सौमित्रची परीक्षा सकाळीच झाली आणि ती इतकी बिनचूक झाली, की मधे बाईंना डुलकी यायची वेळ आली. जागा त्याचीच, हे त्यांच्या मनात ठरूनही गेलं होतं. संयोगिता पलूसच्या ऊसवाल्या घरातली, एम. एस्सी. झालेली. ही जागा हुकली तर दिवाळीनंतर तिला उजवायचं वडिलांनी पक्कं केलं होतं; मुलगा मिलिटरीत, स्थळ चांगलं. तिनंच हे एकदा सांगितलं होतं आणि बाईंनी ऐकून विषय बदलला होता. दया येऊन कुणाला निवडलं की संशोधनाचा बट्ट्याबोळ होतो, असं त्यांचं मत.

तेरा प्रश्न सुरळीत गेले. रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलायचं, हे पोरीला छान साधलं होतं.

"औषध पयल्यांदा कुणाकडनं मिळालं?"

"मित्राकडून," बाई सवयीनं म्हणाल्या.

सौमित्रनं इथं खूण करून पुढचा प्रश्न घेतला होता. त्याच्याआधीच्या सगळ्यांनीही. संयोगितानं मात्र पेन खाली ठेवलं.

"पाय मोडून तुमी दीड महिना घरात पडून होता म्हणालात. घरातली मानसं सोडून कुणी येत न्हवतं म्हणालात. मग सुई कोण टोचत हुतं?"

फॉर्मबाहेरचं काही विचारायचं नाही, हा बाईंचाच नियम. कोपऱ्यात बसलेल्या सौमित्रनं मान वर केली. नियमाची आठवण करून द्यायची सोडून बाई टेबलावरचा चष्मा पुसू लागल्या. पाय खरा मोडला होता तो ज्योतिबाचा, त्यांच्या धाकट्या भावाचा, तासगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटून. बाई तेव्हा नुकत्याच डॉक्टर झाल्या होत्या. त्याचं कण्हणं ऐकवेना म्हणून त्या दवाखान्यातून रोज इंजेक्शन आणायच्या. हाड सांधलं तरी तो मागत राहिला आणि त्या देत राहिल्या. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि यातलं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आवं, सांगा की. कागदाभाईर जानार न्हाई."

"बहिणीनं," अनसूयाबाई म्हणाल्या. "ती डॉक्टर होती."

संयोगितानं चेहरा जराही हलू दिला नाही. 'इतर' या शब्दापुढं तिनं सावकाश लिहिलं आणि पंधरावा प्रश्न त्याच आवाजात विचारला.  बाईंनी उरलेली उत्तरं दिली, या वेळी सगळी खरी.

संपल्यावर सौमित्र म्हणाला, की फॉर्मबाहेरच्या प्रश्नाचे मार्क कापायला हवेत. त्याचं बरोबर होतं. बाईंनी ते कापले. मग उठून कपाटातला एक गठ्ठा काढला आणि टेबलावर सोडला. गावोगावच्या रुग्णांचे फॉर्म. वरच्या फॉर्मवर चौदाव्या उत्तराला 'मित्र' होतं. खालच्यावर 'मित्र'. त्याच्याखालीही तेच. व्यसन मित्रांपायी लागतं, असा बाईंचा निबंध याच्याच जोरावर छापून आला होता, आणि शाळाशाळांतून त्यांनी तसं सांगितलंही होतं. त्या उत्तरावर समाधान मानायला पोरांना या खुर्चीत बसून त्यांनीच शिकवलं होतं.

"या सगळ्यांकडे परत जावं लागेल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तरी मोडतील. तू जाशील?"

"सौमित्रचे मार्क जास्त आहेत, मॅडम."

"आहेत. चूक त्याची नाही, परीक्षा माझी होती."

सौमित्र पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

"सुरुवात मघाच्याच फॉर्मपासून कर," बाई म्हणाल्या. "लालासाहेब खोड. ज्योतिबा लिही."

संयोगितानं नाव खोडलं, नवं लिहिलं आणि आडनाव विचारलं.