फटीतून दिसणारी माणसे

मी एका दाराच्या आतल्या बाजूची जुनी साखळी आहे. मला अडकवले की दार चार बोटेच उघडते, आणि त्या फटीतून मी माणसे पाहते. मित्रांनो, संशय घेणे हेच माझे काम. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कपड्यांना काजे-बटणे करणाऱ्या मावशीने मला दुकानातून आणले, कारण धाकटी बहीण वारल्यावर तिची मुलगी मावशीच्या पदरात आली होती. सुताराने मला बसवताच मावशीने जोराचा हिसका देऊन पाहिला आणि म्हणाली, "झकास." तेव्हा माझा रुबाब होता. पुढे मला कुणी तेलाचा थेंबही दिला नाही. मी गंजले.

मग मावशीची नजर अधू झाली. तिची बोटे मला चाचपू लागली, त्यामुळे मला ते लवकर कळले. भाची सुईत दोरा ओवू लागली, स्वयंपाक करू लागली, आणि तिची शाळा बुडू लागली. मावशीला एकच धास्ती होती. हे बाहेर कळले, तर पोरीला घेऊन जातील.

शाळेने बालकल्याण कार्यालयाला कळवल्यावर तिथले एक साहेब आले. त्यांचा बूट थेट फटीत. "काळजी करू नका, काही होणार नाही," असे म्हणताना त्यांची नजर मावशीच्या खांद्यावरून आत भिरभिरत होती. मुलगी घरी का बसते, हे त्यांनी जिन्यातच मोठ्याने विचारले. वरच्या मजल्यावरचे दार हळूच किलकिले झाले. साहेबांचा बूट जरा मागे सरकताच मावशीने दार लावून घेतले. बरेच झाले.

त्यानंतर एक बाई आल्या. मी आधी त्यांच्या चपला पाहिल्या. त्या उंबऱ्यापासून लांब, एक पायरी खाली होत्या. हीही एखादी चाल असणार, असे मला वाटले.

"मी समाजसेविका आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलीच्या शाळेबद्दल बोलायचंय, पण जिन्यात नको. आत्ता आत येऊ, की उद्या याच वेळेला?"

"उद्या," मावशी म्हणाली. उद्या कसली येतेय ही, असे मी मनात म्हटले.

त्या आल्या. पुन्हा खालच्याच पायरीवर उभ्या राहिल्या.

"पोरीला नेणार का?" मावशीने फटीतूनच विचारले. आता गोड थाप येणार, याची मला खात्री होती.

"ती तुमच्यापासून तुटेल अशी भीती वाटतेय, हो ना?"

मावशीने फट जरा कमी केली. बाईंनी उत्तरासाठी घाई केली नाही. दारात आलेला माणूस इतका वेळ थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हो," शेवटी मावशी म्हणाली.

"नेणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. ते माझ्या एकटीच्या हातात नाही. पण ती इथेच राहावी म्हणून काय करता येईल, ते तुमच्याशी बोलायला आलेय. तुमच्या पाठीमागे काही करणार नाही."

मावशीची बोटे माझ्याकडे आली, चाचपडली, चुकली. बाईंना ते दिसत होते. हात आत घालून मला काढणे त्यांना सहज जमले असते. त्या थांबल्या.

"सावकाश, मावशी."

"मला नीट दिसत नाही हो," मावशी म्हणाली. माझा आकडा अजून तिला सापडला नव्हता.

आता भाची शाळेत जाते. मावशीच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत. सुया ओवून द्यायला वरच्या मजल्यावरची, ती किलकिल्या दारातली बाई येते. तिच्यावर मी अजून नजर ठेवून आहे.

मित्रांनो, कुणाच्या मदतीला गेलात आणि दारामागे माझ्यासारखी एखादी दिसली, तर हिसका देऊ नका. एक पायरी खाली उभे राहा. आतल्या बोटांना वेळ लागतो, आणि मी गंजलेली आहे.