डाव्या हाताचा डफ

हेमराजच्या पोटात दुखायला लागलं ते शिबिराच्या सातव्या दिवशी. त्याआधीचे सहा दिवस त्याला नसीमचं हसूच येत होतं. जळगावची ही बाई दुकानांच्या पाट्या रंगवायची. गाणं नाही, वाजवणं नाही. अशा माणसाला कलावंत म्हणून धुळ्याला बोलावतात तरी कशाला, असं त्याने चहाच्या टपरीवर दोघा-तिघांना ऐकवलंही होतं. हेमराज तोंडाने फटकळ नव्हता, पण आपल्यापेक्षा कमी येणाऱ्या माणसाबद्दल बोलायला त्याला मनापासून आवडायचं.

शिबिर होतं कलावंतांसाठीच. आठ जण निवडले होते. त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून गाणं, चित्र, नकला असं काहीबाही कसं करवून घ्यायचं, ते दहा दिवसांत शिकायचं. शिकवायला पुनम मॅडम. सकाळी धुळ्यात वर्ग, आणि दुपारी जीपने साक्री रस्त्यावरच्या एका गावात सराव. ते गाव हेमराजचंच. ग्रामपंचायतीच्या सभागृहात वीस-पंचवीस म्हातारे-म्हाताऱ्या येऊन बसत.

दुसऱ्याच दिवशी हेमराजने तिथे डफावर वही गायली होती. वही म्हणजे आपली देवादिकांची लांबलचक गाणी. एक जण म्हणणार, मागचे झिलकरी शेवटची ओळ उचलणार. सभागृह डोलायला लागलं, टाळ्यांवर टाळ्या. हेमराज घाम पुसत खाली बसला, तर मॅडम म्हणाल्या, "सुंदर. टाळ्या तुम्हाला मिळाल्या, हेमराजभाऊ. पण यांनी काय केलं?"

"ऐकलं की!"

"तेवढंच ना?" मॅडम म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. पंचावन्न वर्षांच्या माणसाला असं विचारतात का? हेमराजने ते डोक्यातून काढून टाकलं.

खरं सांगायचं तर शिबिरात तो आला होता एकाच माणसासाठी, आणि ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. चिंधा आबा. हेमराजचे गुरू. बत्तीस वर्षं हेमराज त्यांच्या मागे झिलकरी म्हणून उभा राहिला. डफ धरायला शिकवला तो आबांनी, आणि शिकवताना त्यांच्या तोंडात एकच शब्द असायचा, गधडा. पहिल्या दिवशी पहिली थाप चुकली तेव्हा "गधडा!", आणि मग रोज. पुढे हेमराजचा हात बसला, चूक होईनाशी झाली आणि तो शब्दही बंद झाला. त्याला वीस वर्षं झाली असतील. हेमराजला त्याचा केवढा अभिमान.

चार वर्षांपूर्वी आबांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तेव्हापासून दर गुरुवारी हेमराज डफ शेकून, चामडं ताठ करून त्यांच्या ओट्यावर जायचा आणि तासभर गायचा. आबांनी शिकवलेलं, जसंच्या तसं. आबा समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहायचे. एकदाही मान वळली नाही. आपल्याला ते ओळखत तरी आहेत का, एवढंच हेमराजला कळायला हवं होतं. म्हाताऱ्यांना बोलतं करायचं शास्त्र शिकवतात म्हणे, म्हणून तो धुळ्याला गेला होता.

तर सातवा दिवस. त्या दिवशी मॅडमनी फर्मान काढलं, "आज आपापली कला बाजूला ठेवा. शेजारच्याची घ्या." हेमराजच्या शेजारी नसीम. तिने आपले ब्रश आणि रंगाचे डबे त्याच्यापुढे सरकवले, आणि त्याचा डफ मागितला. त्याने तो असा दिला की जणू लेकीला सासरी धाडतोय.

ब्रश घेऊन तो सुगंधाबाईसमोर बसला. ही ऐंशीची म्हातारी अंगणात चित्रं काढण्यात एके काळी गावात पहिली. हेमराजने मोर काढायला घेतला, झाली कोंबडी. तीही धड नाही. सुगंधाबाईने ते दोन मिनिटं सहन केलं. मग तिने ब्रश त्याच्या हातातून हिसकावला. "आन इकडे! मोर आसा ऱ्हास का?" आणि काढायलाच बसली. हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मागून काहीतरी चांगलं म्हणाल्या, पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याचे कान आपल्या डफाकडे लागले होते.

डफ भयंकर वाजत होता. वहीच्या ठेक्यात तिसऱ्या थापेनंतर जागा सोडायची असते, झिलकऱ्यांनी उचलायला. नसीम ती जागा सोडतच नव्हती, बडवत सुटली होती. तिच्यासमोर चाकाच्या खुर्चीत चिंधा आबा बसले होते. त्यांची बायको भिकुबाई त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच घेऊन आली होती.

आणि खाडकन आवाज झाला. आबांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला होता.

"नही," आबा म्हणाले. ओठ वाकडे, आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ. "नही, पोरी."

आबांनी दांडीवर तीन थापा दिल्या, थांबले आणि नसीमकडे बघितलं. तिने वाजवलं. परत चुकलं. आबांनी परत दाखवलं. सहाव्या-सातव्या वेळी तिला जागा सापडली, तेव्हा आबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. भिकुबाई पदर तोंडाला लावून रडत होती. सगळे नसीमभोवती जमा झाले, आणि हेमराज हातावर निळा रंग घेऊन कोपऱ्यात उभा.

चांगला शिष्य असता तर आनंदाने नाचला असता. हेमराजला आनंद झाला नाही. त्याचा जळफळाट झाला. माझा डफ, माझे आबा, माझे चार वर्षांचे गुरुवार. आणि शब्द मिळाला कोणाला, तर थाप आणि टिचकी यांतला फरक न कळणाऱ्या पाटीवालीला! घरी बायकोने वरण-बट्टी वाढली, तर दोन घास खाऊन उठला. "पित्त झालंय," म्हणाला. पित्तच ते, दुसरं काय.

आठव्या दिवशी त्याने एक हलकट काम केलं. डफ घरीच ठेवला आणि येऊन सांगितलं, "चामडं फाटलं." चामडं ठणठणीत होतं. नसीम म्हणाली, "अरेरे! कालच्या माझ्या बडवण्याने तर नाही ना, भाऊ?" आणि हेमराज हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्या भल्या बाईने काय करावं? रंगाचा रिकामा डबा उपडा केला आणि आबांसमोर बसली. डब्यावर चुकायला लागली. आबांचा हात दांडीवर चालायला लागला. त्या दिवशी आबा तिला तीन शब्द बोलले. हेमराजने मोजले.

नवव्या दिवशी शिबिराला सुट्टी होती. हेमराज भर दुपारी डफ काखेत मारून आबांच्या ओट्यावर गेला. चुकल्यावर बोलतात काय? मग चुकूच. त्याने डफ धरला, पहिली थाप दिली, दुसरी, तिसरी, आणि हात आपोआप थांबला. बरोब्बर जागेवर. त्याने पुन्हा सुरू केलं, हाताला दटावलं. हात थांबला. बत्तीस वर्षांचा हात तो, ऐकेना. शेवटी दात-ओठ खाऊन त्याने नको तिथे एक थाप हाणली. आबांनी डोळे मिटून घेतले.

भिकुबाई दारातून बघत होती. "हेमराज," ती म्हणाली, "तू चुकानं सोंग करी ऱ्हायना. यासले समजस."

"मग मी काय करू, अक्का? ती पोरगी आली आणि एका दिवसात बोलते झाले. मी चार वर्षं येतोय!"

"तू येस, गास, आनि जास," भिकुबाई म्हणाली. "यासले काय काम ठेवस तू?"

हेमराज उठला आणि निघाला. वाटेत त्याला मॅडमचा 'यांनी काय केलं?' हा प्रश्न आठवला, आणि दोन्ही बायकांचा सारखाच राग आला.

दहाव्या दिवशी सकाळी धुळ्यात त्याने नसीमला टपरीवर गाठलं. दोन चहा सांगितले. मग म्हणाला, "ताई, तुम्ही चुकता कशा?"

नसीमला वाटलं टोमणा आहे. त्याचं तोंड बघितल्यावर कळलं की नाही. "भाऊ, मी कुठे चुकते? मला येतच नाही ना." मग म्हणाली, "माझे अब्बा चाळीस वर्षं पाट्या रंगवत होते. हात थरथरायला लागला. त्यांचं अक्षर वाकडं आलं की मी मागून ब्रश फिरवून सरळ करायचे. त्यांना बरं वाटावं म्हणून. आता ते ब्रश हातातच घेत नाहीत. परवा आबा मला दटावत होते, तेव्हा मला अब्बाच दिसत होते. मी त्यांना एकदाही दटावू दिलं नाही."

"डफ फाटला नव्हता," हेमराज एकदम म्हणाला. "मी खोटं बोललो. मला सहन झालं नाही."

"माहीत आहे," नसीम म्हणाली. "डफ असा एका दिवसात फाटत नाही, एवढं मलाही कळतं. चहा प्या, गार होतोय."

दुपारी सभागृहात शेवटचा सराव. प्रत्येकाने अर्धा तास घ्यायचा, मॅडम मागे बसून बघणार. हेमराजचं नाव आलं. तो डफ घेऊन सरळ आबांसमोर जाऊन बसला. आबांची नजर त्याच्या डोक्यावरून मागे, नसीम उभी होती तिकडे.

त्याने नेहमीसारखा डावीकडे डफ धरला. मग आबांच्या खुर्चीकडे बघितलं. उजवा हात मांडीवर पडलेला, मेल्यासारखा. डावा दांडीवर, वाट बघत. हेमराजने डफ उजव्या हातात घेतला. वाजवायला उरला डावा, आयुष्यात कधी थाप न दिलेला.

पहिली थाप चामड्यावर बसण्याऐवजी कडेवर बसली. दुसरी पडली ती मेलेली. तिसरीला डफच हातातून निसटून मांडीवर आला. मागच्या बाकावर सुगंधाबाई खो-खो हसली. गावातला पहिल्या नंबरचा डफवाला, आणि त्याला तीन थापा जमेनात! हेमराजचे कान लाल झाले. त्याने डफ उचलला आणि परत सुरू केलं. आता सोंग नव्हतं, त्याला खरोखर येत नव्हतं. जागा कुठे सोडायची ते डोक्याला ठाऊक होतं, पण तिथे पोचायलाच हाताला उशीर होत होता. कपाळावरून घाम डोळ्यांत आला, पण पुसायला हात कुठे मोकळा होता?

"गधडा!"

हेमराजने वर बघितलं. आबा त्याच्याकडे बघत होते. लिंबाकडे नाही, नसीमकडे नाही, त्याच्याकडे. कपाळाला आठ्या, डोळ्यांत तोच जुना जाळ. आबा पुढे वाकले, खुर्ची करकरली, आणि त्यांनी आपल्या डाव्या हाताने त्याचं डावं मनगट पकडलं. हात अजून खरबरीत होता. त्यांनी ते मनगट उचललं आणि चामड्यावर आपटलं. एक. दोन. तीन. आणि तिथेच घट्ट धरून ठेवलं, हलू दिलं नाही.

त्या जागेत मागच्या बाकावरून सुगंधाबाईने वहीची शेवटची ओळ उचलली. पाठोपाठ आणखी दोघांनी.

"परत," आबा म्हणाले आणि मनगट सोडलं.

हेमराजने नसीमकडे बघितलं. ती डोळे पुसत हसत होती. तिला काय मिळालं होतं? "पोरी". पोरी तर आबा कोणालाही म्हणतील. गधडा त्यांनी उभ्या जन्मात एकालाच म्हटलं होतं. त्याला हे तिला तोंडावर सांगावंसं वाटलं, पण आबा वाट बघत होते.

त्याने डावा हात उचलला. थाप पुन्हा चुकली, मुद्दाम नाही.