आप्पांनी फोडलेलं पत्र

"हे कुणी उघडलं?"

कॉम्प्युटरसमोरून मी ओरडले तेव्हा घरातले तिघंही जेवायला बसले होते. तिघांनीही एकदम आमटीत बघितलं.

शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली कायमची नोकरी. मुलाखतीचं बोलावणं गेल्या गुरुवारी सकाळी दहाचं, आणि आज रविवार. बी.एस्सी. होऊन बारा वर्षं मी मच्छे गावच्या कारखान्यात कंत्राटावर लोखंडी पार्ट तपासते आहे. पहिल्यांदाच मला कुणी बोलावलं होतं.

"माज्याकडं काय बघतीस? तुज्या मेलला मी हात बी लावलेला न्हाय," माझा नवरा युवराज म्हणाला. ते खरंच असणार. ज्याला स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवत नाही, तो माझं काय उघडणार!

"आई, मी कशाला बघू तुझं?" आरोहीने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

पिरनवाडीच्या आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं चार. आधी चौघांत मिळून मेलही एकच होता. लेकीच्या क्लासचे पेपर, युवराजच्या ट्रॅक्टरच्या विम्याचे कागद, माझे अर्ज, सगळी मिसळ. शेवटी मीच डोकं लावून चौघांचे चार प्रोफाइल केले. पडद्यावर चार गोल, त्यात चौघांचे फोटो. आपल्या फोटोवर टिचकी मारली की आपलाच मेल. आप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचाही केला. त्यांना मेल पाठवणारं जगात कुणी नाही, पण थोरल्याला वगळून कसं चालेल? पासवर्ड मात्र कुणी ठेवू देईना. "घरच्या माणसास्नी कुलूप कशाला?" म्हणे. मीही शहाणीसारखी मान डोलावली.

न वाचलेला मेल ठळक काळ्या अक्षरांत दिसतो. कामावरून आले की मी तेवढं काळं शोधायचे आणि नसलं की बंद करायचे. आठ दिवस एकही काळी ओळ नव्हती. आज सहज जुने मेल खाली सरकवले, तर त्यांत हे पत्र, उघडलेलं.

"मी फोडलं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही?"

"रोज सकाळी देवाजवळ दिवा लावला की समद्यांची फोडतो. काळं दिसंल त्येच्यावर टिचकी मारायची. न फोडलेलं पत्र घरात ठेवू नये."

"इंग्रजी वाचता येतंय व्हय तुमास्नी?"

"वाचाय कशाला लागतंय? ज्याचं त्यो वाचतोय. मी निस्तं फोडून ठेवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवो आप्पा, फोडलं की ते वाचल्यागत दिसतंय! गेली माजी नोकरी! बारा वर्षांत एक बोलावणं आलतं!"

आप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"जांबोटीला हुतो तवा पोलीस भरतीचं पत्र आलतं मला," ते हळूच म्हणाले. "पावसानं वाट बंद. पोस्टमननं दुकानात दिलं. दुकानदाराला वाचाय येत हुतं गं. पर दुसऱ्याचं पत्र कसं फोडू म्हणला. सतरा दिवस तांदळाच्या पोत्यावर पडून हुतं. मी गेलो तवर तारीख सरलेली. तवापास्नं घरात कुणाचं पत्र तसंच पडू देत न्हाय."

मला अजून बरंच बोलायचं होतं. पाठ केल्यासारखं सगळं तोंडात तयार होतं. पण कुणावर ओरडणार? आप्पा ताटावरून उठले, आणि मला माझाच राग आला.

त्याच दुपारी मी माझ्या प्रोफाइलला पासवर्ड घातला. कॉलेजला लिहिलं, मेल उशिरा बघितला, अजून एक संधी द्या.

बुधवारी सकाळी डबा भरत होते, तोच आप्पांची हाक आली. टोपी घालून ते कॉम्प्युटरपाशी उभे होते.

"मंगल, आदी पत्र बघ गं. मी हात लावलेला न्हाय."

मी पासवर्ड घालताना त्यांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. एकच काळी ओळ होती. कॉलेजची. मी टिचकी मारली. जागा भरली आहे, आपल्या अर्जाबद्दल आभार.

"फोडलंस?"

"फोडलं."

"त्यांचं हाय?"

"न्हाय आप्पा. साडीच्या दुकानाची जाहिरात हाय."

आप्पांनी मान हलवली. "असू दे. त्यांचं येतंय बघ. उद्या परत बघू. आलं की लगीच फोड, ठेवू नगो."

"व्हय," म्हटलं, आणि डबा घेऊन मच्छेच्या बसला निघाले.