मी या दारातून जाणार नाही

ते एकोणीसशे सत्तावन्न साल होते आणि मला मधोमध कापायचे ठरले होते.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. एका लहान गावाच्या चर्चमध्ये डाव्या बाजूचा तिसरा. शेजारचे सात बाक माझेच भाऊ. आम्ही सगळे एका मोडीत निघालेल्या नावेच्या फळ्यांचे. आमच्यावर सहा-सहा माणसे बसतात, अंग चोरले तर सात.

मला घडवणारा सुतार तेव्हा तिशीतला होता. चर्चची पुढची भिंत अजून उभी राहायची होती, म्हणून त्याने सावली बघून आतच काम मांडले आणि फळी जेवढी लांब तेवढाच बाक केला. मग गवंडी आला. त्याने भिंत बांधली, दार बसवले आणि वारा थेट आत येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या बाजूला एक आडवी भिंत घातली. सगळे झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, की त्या भिंतीच्या वळणातून आम्ही कधीच बाहेर जाऊ शकणार नाही. दार मोजायचे सुतार विसरला होता! त्या दिवसापासून गावाने त्याला धारेवर धरले. "सुतारदादा, माझी शवपेटी करशील तेव्हा तेवढं दार मोज हं!" असे सुईणबाई त्याला लग्नाच्या मांडवातसुद्धा सुनावायच्या.

या सुईणबाई माझ्या खिडकीकडच्या टोकाला बसत. गावातले निम्मे लोक त्यांच्याच हातांवर जन्मलेले. त्यांच्या शेजारी त्यांचा नवरा, गावाचा नावाडी. प्रवचनात त्याला हमखास डुलकी लागायची आणि बाईंचे कोपर हमखास त्याच्या बरगडीत जायचे. ते कोपर चुकून कधी मलाही लागे. अजून आठवते!

आमच्या गावाची एक रीत होती. माणूस गेले, की चर्चमधली त्याची जागा वर्षभर कोणी घ्यायची नाही. तिथे त्याचे गीतांचे पुस्तक ठेवायचे. ज्यांना बसायला मिळणार नाही त्यांनी आडव्या भिंतीमागे उभे राहायचे, बसलेल्यांच्या डोक्यावर नाही. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. ती सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कोणी कोणाला सांगतही नसे.

सत्तावन्नच्या सुरुवातीच्या थंडीत गावात ताप आला. बाकांवर बसणारी एकवीस माणसे गेली. नावाडी गेला. आमचे म्हातारे फादरही गेले. मग शहरातले एक फादर अधूनमधून येऊन मिस्सा करू लागले.

अशाच एका रविवारी बिशपांच्या कार्यालयातला एक कारकून आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्याच दिवशी त्याला आणखी दोन गावे करायची होती. पाहुणा म्हणून लोकांनी त्याला पुढे वेदीजवळ खुर्ची दिली. त्याने बाकांवर नजर फिरवली, वहीत काहीतरी टिपले आणि प्रवचन संपायच्या आत बाजूच्या चिंचोळ्या दाराने निघून गेला.

महिन्याने पत्र आले. निम्मे बाक रिकामे असतात, सबब चर्च बंद करावे. लोकांनी नऊ मैलांवरच्या शहरातल्या चर्चला जावे. तिथे बाक कमी आहेत, तेव्हा इथले तिकडे हलवावेत.

गुरुवारी सकाळी ट्रक आला. कारकुनाबरोबर दोन हमाल होते. त्यांनी पहिल्यांदा मलाच उचलले. आडव्या भिंतीपाशी मी अडलो. बाजूच्या चिंचोळ्या दारात तर माझी रुंदीही मावत नव्हती. त्यांनी मला तिरपे केले, उभे केले, आडवे केले. मी तसूभर हललो नाही. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मला मनातून हसू येत होते.

"साहेब, हा काही बाहेर जायचा नाही," हमाल घाम पुसत म्हणाला.

"आत आला होता ना? मग जाईल!"

तोवर गाव जमले होते. सुईणबाई पुढे झाल्या. "तो आत आलाच नाही, बाबा. तो इथंच जन्मला."

कारकून चिडला. "मग कापा! गावात सुतार आहे की नाही?"

सुतार आला. आता सत्तरीचा, पाठीत वाकलेला, हातात मोठी करवत. माझे हसू पळाले. हमालांनी मला जागेवर ठेवले. त्याने माझ्यावरून तळवा फिरवला आणि बोटांनी माप घेतले. मला वाटले, संपले. मग तो हळूच वळला, माझ्यावर बसला आणि करवत त्याने मांडीवर आडवी ठेवली.

"चाळीस वर्षं हे गाव मला या चुकीवरून हसतंय," तो म्हणाला. "आता कुठं ती कामाला आलीय. मी नाही सुधारणार."

"अहो, हुकूम आहे!"

"असू दे की. मी पण आहे."

सुईणबाई येऊन आपल्या टोकाला बसल्या आणि हमालांनी काढून ठेवलेले गीतांचे पुस्तक त्यांनी पुन्हा शेजारी ठेवले. मग एकेक करत सगळे बसले, आपापल्या जागी, मधल्या जागा सोडून. कारकून दमला होता. तो बाईंच्या शेजारी टेकायला गेला, तशा त्या कडाडल्या, "उठा! तिथं माणूस आहे."

"कुठं आहे?"

"नावाडी. माझा नवरा. तापात गेला. वर्ष व्हायचंय अजून."

कारकुनाने त्या जागेवरचे पुस्तक पाहिले. मग पुढच्या बाकावरचे. मग त्यापलीकडचे. त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे त्या रविवारी..."

"आमचे मेलेले बसले होते आणि जागा न मिळालेले जिवंत त्या दाराजवळच्या आडव्या भिंतीमागं उभे होते. तीसेक तरी. तुम्ही रिकाम्या जागा मोजल्यात. एकदा भिंतीमागं डोकावायचं होतं!"

 कारकून वही मिटून म्हणाला, "मी लिहून कळवतो." ट्रक रिकामा परत गेला.

हुकूम मात्र लगेच फिरला नाही. शहरातले फादर यायचे थांबले आणि चार वर्षे आम्हाला फादर मिळाले नाहीत. तरी दर रविवारी लोक येत राहिले. प्रार्थना सुतार सांगायचा, अडखळत आणि चुकीच्या जागी थांबत. तान्ह्यांवर सुईणबाई लक्ष ठेवायच्या. एक रविवार चुकला नाही. पाचव्या वर्षी नवे फादर आले. त्यांनी आत पाऊल टाकताच विचारले, "यातल्या कोणत्या जागा कोणाच्या आहेत?" तेव्हाच ते आमचे झाले.

सुतार दोन वर्षांनी गेला. त्याची शवपेटी त्याच्या मुलीने केली. तिने आधी दार मोजले, दोनदा. करवत अजून आडव्या भिंतीवर टांगलेली आहे. त्या दोन हमालांपैकी एक आमच्याच गावात जावई म्हणून आला आणि आता मला दरवर्षी तेल लावतो. सुईणबाई नव्वदीपर्यंत जगल्या. त्यांच्या अंत्यविधीला शहरातून एक म्हातारा आला होता. लोकांनी त्याला पुढे खुर्ची देऊ केली. त्याने मान हलवली आणि तो आडव्या भिंतीमागे जाऊन उभा राहिला. तो कारकून होता.

मित्रांनो, माझा एक पाय आता लटपटतो. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. तेल लावा, पाय ठोका, मी तक्रार करणार नाही. पण मी जुना झालो, लोक कमी झाले, असे म्हणत कोणी मला न्यायला आले, तर त्याला आधी भिंतीमागे बघायला सांगा. आणि तरीही न्यायचेच असेल, तर भिंत पाडावी लागेल. करवत आम्ही देणार नाही.