पायांच्या सुजेची गोळी

आमच्या घरात कायदा एकच, आणि तो बायकोचा. दोन्ही पोरींना सगळं सारखं. लहानपणी संत्रं सोललं की ती फोडी वाटायची आणि एक उरली तर स्वतःच्या तोंडात टाकायची, मला द्यायची नाही. मोठीचे बूट फाटले की धाकटीलाही नवे यायचे, तिचे फाटलेले असोत की नसोत. मी सतरा वेळा सांगून बघितलं की अगं, ज्याला लागतं त्याला द्यावं. तर म्हणे, "तुम्ही मैदानावर पंच. घरात नाही." विषय संपला. फुटबॉलचा पंच म्हणून मी अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, पण या घरात माझी शिट्टी कधी वाजली नाही.

दोघी पोरी फुटबॉलच्या नादी लागल्या याचं खापर मात्र माझ्या डोक्यावर. मोठी बंदराच्या महिला संघाची कर्णधार, बचावात डाव्या बाजूला खेळते. धाकटी वीज कंपनीच्या संघात, अगदी पुढे, गोल मारायला. बंदर दोनदा अंतिम सामन्यात गेलं आणि दोन्ही वेळा वीजवाल्यांकडून हरलं. दोन्ही वेळा गोल धाकटीचाच. मोठी त्या दिवशी घरी यायची, सगळ्यांबरोबर जेवायची, धाकटीच्या पाठीवर थाप मारायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. नळ कशासाठी सोडलाय ते घरात प्रत्येकाला कळायचं आणि कोणी काही बोलायचं नाही.

यंदाचं वर्ष शेवटचं होतं. बंदर विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाला जहाजं हवी होती, फुटबॉल खेळणाऱ्या बायका नको होत्या. मोसम संपला की संघ बंद. मोठी चौतिशीला आलेली, डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. दुसरा कुठलाही संघ तिला दारात उभं करणार नव्हता. कप उचलायचा तर यंदाच.

आणि यंदा वाट मोकळी झाली ती भलत्याच कारणाने. वीजवाल्यांच्या तिघी औषधाच्या तपासणीत सापडल्या. एक गोलरक्षक, एक मधल्या फळीतली. दोघींनी ताकदीची इंजेक्शनं घेतली होती आणि तसं कबूलही केलं. तिसरी आमची धाकटी. तिच्या लघवीत इंजेक्शन नव्हतं, पायांची सूज उतरवायची साधी गोळी सापडली. पण ही गोळी अंगातलं पाणी काढून टाकते आणि पाण्याबरोबर दुसऱ्या औषधाच्या खुणाही पुसते, म्हणून सुनावणी होईपर्यंत तिच्यावरही बंदी. वर्तमानपत्राने तिघींचे फोटो एका ओळीत छापले आणि वर 'औषधबाज त्रिकूट' असं ठोकून दिलं. त्या दिवशी पेपरवाल्याने माझ्या हातात पेपर दिला तो फोटो आतल्या बाजूला दुमडून. भला माणूस. मला मात्र त्याच्या भलेपणाचाच राग आला.

गोळी आली कुठून, तर आमच्याच स्वयंपाकघरातून. बायको दिवसभर शिलाई मशीनवर बसते, पाय लोंबकळून सुजतात, म्हणून डॉक्टरांनी तिला ती दिलेली. एका रविवारी दोघी पोरी आपापल्या बाहेरगावच्या सामन्यांवरून लांबचा बसप्रवास करून आल्या, घोटे टम्म फुगलेले. मी तेव्हा मैदानावर गेलो होतो. बायकोने एकाच टबात दोघींचे पाय बुडवले आणि वरून गोळी दिली. एक हिला, एक तिला. दोन दिवसांनी वीजवाल्यांच्या सामन्यानंतर चिठ्ठ्या काढल्या, त्यात तपासणीला धाकटीचा नंबर निघाला. बंदराच्या सामन्यानंतर मोठीचा निघाला नाही. दोघींत फरक काय तो एवढाच.

धाकटीची सुनावणी गुरुवारी होती आणि बंदर-वीजवाल्यांचा अंतिम सामना रविवारी. बुधवारी दुपारी मोठी घरी आली. चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात गेली. बायको उद्या नेसायच्या साडीला इस्त्री करत होती, कारण साक्षीदार म्हणून तिलाच बोलावलं होतं.

"आई, उद्या तू काय सांगणार?"

"जे झालं ते. दोघींना गोळी दिली."

"दोघींना नाही. तिला दिलीस असं सांग. माझं नाव काढू नकोस."

बायकोने इस्त्री उभी ठेवली. "का?"

"कारण गोळी घेतली असं नुसतं कबूल केलं तरी बंदी घालतात. चौकशी होईपर्यंत मैदानात पाऊल नाही. रविवार गेला की मला मैदान कशाला हवं?" मोठीचा आवाज चढला होता. "तिने तर दुसरं काही घेतलेलंच नाही. चूक तुझी आहे, तिची नाही, हे त्यांना कळलं की ताकीद देऊन सोडतील. माझी गरजच नाही त्यात."

मी दारात उभा होतो. खरं सांगतो, मला मोठीच्या हातात तो कप बघायचा होता. धाकटीला अजून वर्षं होती, दोन कप तर तिने कपाटात टाकले होते. बापाने असा हिशेब करू नये, पण मी केला. इतरांच्या पोरींना आयुष्यभर नियम शिकवले, स्वतःच्या घरात मूग गिळून बसलो.

मागच्या खोलीतून धाकटी आली. बंदी आल्यापासून ती कोणाशी धड बोलत नव्हती. केस विंचरलेले नव्हते.

"ताई म्हणतेय तसंच सांग, आई," ती म्हणाली. "टबात माझेच पाय होते."

बायकोने आधी मोठीकडे बघितलं, मग धाकटीकडे, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. तिने इस्त्री उचलली आणि पुन्हा साडीवर फिरवायला लागली.

सुनावणीची खोली म्हणजे महासंघाच्या कचेरीतली वरच्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, मागे काचेच्या कपाटात ढाली आणि करंडक, पंखा कुरकुरत होता. टेबलामागे तिघं: मधे अध्यक्ष, एका बाजूला पांढऱ्या कोटाशिवायही डॉक्टरीण आहे हे कळावं अशी एक बाई, आणि तिसरा एक वकील, तो सारखा पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा. समोर धाकटी. तिच्या मागे आम्ही तिघं. मोठी भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून, कारण गुडघा फार वेळ वाकत नाही.

बायको छान बोलली. मशीन, सूज, टब, गोळी, सगळं सांगितलं. फक्त टबातले दोन पाय गाळले. बोलताना तिने एकदाही मागे बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई सभ्य होत्या, पण सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुमच्या मुलीबरोबरच्या दोघी इंजेक्शन घेत होत्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात हिच्या अंगात त्याच्या खुणा पुसणारी गोळी निघते. तुमच्या लक्षात येतंय ना, हे कसं दिसतं?"

"दिसतं कसंही. गोळी माझी आहे."

"आई मुलीसाठी असं म्हणणारच. घरच्यांशिवाय कोणी बघितलं?" अध्यक्षांनी धाकटीला विचारलं. "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं त्या वेळी?"

"कोणी नाही," धाकटी म्हणाली. "आई आणि मी."

तिघं डोक्याला डोकं लावून कुजबुजले. मैदानात पंच बाजूच्या पंचाशी बोलायला जातो तेव्हा खेळाडूंना कसं वाटत असेल, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "बाहेरचा पुरावा नसेल तर आम्हाला हे मुद्दाम केलेलं लपवणंच धरावं लागेल. त्याला शिक्षा चार वर्षांची आहे. आणखी काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

चार वर्षं. ताकीद नाही, दोन-चार सामने नाहीत. चार वर्षांनी धाकटीही मोठीच्या आजच्या वयाला टेकणार होती, आणि कपाळावर कायमचं औषधबाज. धाकटीच्या मानेवरची शीर उडताना मला मागून दिसत होती. पण ती वळली नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मोठी उभी होती.

"मी होते तिथे," ती म्हणाली. "गोळी मीही घेतली. एकाच टबात पाय होते आमचे."

"आपण कोण?"

"हिची बहीण. बंदराची कर्णधार."

वकिलाचं टोपण त्याच्या हातातच राहिलं. रविवारी कोणाचा सामना आहे हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"हे बोलण्याचा अर्थ समजतोय तुम्हाला?" अध्यक्ष म्हणाले. "गोळी घेतल्याचं कबूल केलंत तर आत्तापासून तुमच्यावरही बंदी येईल."

"समजतोय."

"खोटं बोलतेय ती!" धाकटी ताडकन उठली. आठवडाभर तोंड न उघडलेली पोर, तिचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. "ती नव्हतीच तिथे. मला वाचवायला बोलतेय. तिचं ऐकू नका, तिची शेवटची मॅच आहे!"

"गप्प बस गं."

"तू गप्प बस! तुझा काय संबंध? जा ना, प्रॅक्टिसला जा!"

"माझा संबंध नाही? तुझा पाय माझ्या पायावर होता त्या टबात, आणि पाणी सांडलंस म्हणून आई ओरडली ते मलाच!"

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. कोणी ऐकेना. दोघी लहानपणी मागच्या अंगणात बॉलवरून भांडायच्या तशाच भांडत होत्या, फक्त तेव्हा प्रत्येकीला बॉल स्वतःला हवा असायचा. मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदमच.

शेवटी डॉक्टरीणबाई माझ्या बायकोकडे वळल्या. "आता तुम्हीच सांगा. दोघींतली एक खोटं बोलतेय. कोण?"

बायकोने पदर सारखा केला. तिला काय विचारलं होतं ते तिला नीट कळलं होतं: कोणती पोर बुडवू, एवढंच. मी तिच्याकडे बघितलं, या खेपेला कॅलेंडर शोधलं नाही. पण मदत काय करणार? मी तर तिथे नव्हतोच.

"माझ्या हातून आजवर एकट्या एकीलाच असं काही मिळालेलं नाही," ती म्हणाली. "संत्र्याची फोड नाही, की मार नाही. दोघींना दिली गोळी. हे आधी नाही सांगितलं, तर खोटं मी बोलले. यांच्यातलं कोणी नाही." मग खुर्चीत बसली आणि पदराने तोंड झाकून रडली.

अर्ध्या तासात निकाल आला. स्वतःचा अंतिम सामना घालवून कोणी प्रतिस्पर्ध्यासाठी खोटं बोलणार नाही, असं अध्यक्ष म्हणाले. धाकटीला ताकीद. रविवारी खेळायला मोकळी. मोठीवर चौकशी पूर्ण होईपर्यंत बंदी.

जिन्यात धाकटी म्हणाली, "मी नाही खेळणार."

मोठीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. "न खेळून बघ. मग मी कशाला तोंड उघडलं?"

रविवारी आम्ही तिघं प्रेक्षकांत बसलो, मोठी मधे, घरच्या कपड्यांत. तिच्या जागी डाव्या बाजूला एक नवखी पोर खेळत होती. मोठी ओठांतल्या ओठांत तिला सूचना देत होती: मागे, मागे ये, वळू नको. बंदराच्या पोरी जिवाच्या आकांताने खेळल्या. आणि मी, ज्याने जन्मात कुठल्या संघाची बाजू घेतली नाही, तो उभा राहून घसा फुटेपर्यंत ओरडायला लागलो. "बंदर! बंदर!"

बायकोने कोपर मारलं. "अहो, तीपण आपलीच आहे."

"ती आहे की मैदानात. हिचं कोण आहे?"

शेवटाकडे धाकटी डाव्या बाजूने घुसली. नवखी वळली, जे करायचं नव्हतं तेच केलं, आणि बॉल जाळ्यात. वीजवाल्या धावत आल्या, पण धाकटीने हात वर केले नाहीत. मान खाली घालून मधल्या रेषेकडे चालत गेली.

"माझ्या बाजूने गेली," मोठी म्हणाली. "मी असते तर आडवी पाडली असती."

"मग मी पेनल्टी दिली असती."

ती हसली. जरा जास्तच वेळ हसली.

घरी आल्यावर मोठी न्हाणीघरात गेली. आम्ही नळाची वाट बघत बसलो. या खेपेला तिने नळ सोडला नाही. सगळं ऐकू येत होतं. बायको उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात धाकटी आली. गळ्यात पदक, अंगावर चिखल. तिने बंद दाराकडे बघितलं. आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाकावर माझ्याशेजारी बसली.

"बाबा, गोल बघितलात?"

"बघितला. चांगला होता."

तिने पदक काढून मांडीवर ठेवलं आणि रडायला लागली. मी खाली बसलो आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. बूट सहज निघेनात. घोटे टम्म सुजले होते.